वाक्यातली फट

"वाक्यात फट पडता कामा नये," मी म्हणालो. "खांद्याला खांदा लावा. तुम्ही आता पोरं नाही, शब्द आहात. शब्दाशब्दांत वावभर अंतर ठेवलंत तर वाचणाऱ्याने काय समजायचं?"

आठवीची पोरं खुदुखुदु हसत एकमेकांना चिकटली. प्रणिताच्या हातात पुठ्ठ्याची पट्टी होती, तिच्यावर 'द गर्ल'. तिच्या शेजारी मनाली, 'कॉल्ड' धरून. मग जितेश, 'द मॅन'. मनालीच्या शेजारी उभं राहायचं म्हणून जितेशचे कान लाल झाले होते. आणि टोकाला बारका सुजित, त्याच्यापेक्षा लांब पट्टी घेऊन. तिच्यावर 'ऑन द बोट'.

"मुलीने माणसाला हाक मारली, होडीवर. आता होडीवर कोण आहे?"

"माणूस," अर्धा वर्ग म्हणाला.

"दोघं पन असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"शाबास. दोन्ही लागू पडतं, म्हणूनच घोटाळा होतो. सुजित, आता तू 'द गर्ल'च्या शेजारी जा."

सुजित मधे घुसला. मनालीने कुरकुर करत जागा दिली.

"आता होडीवर कोण?"

"मुलगी," सगळे एका सुरात म्हणाले.

"सुजितने कपडे बदलले का? तो तोच आहे. फक्त शेजारी बदलला." मग मी माझं आवडतं वाक्य काढलं, जे मी आरशासमोर घोकलं होतं. "मराठीत शब्दाला प्रत्यय असतो. तो घरातून कुठेही गेला तरी अंगावर घरची खूण असते, हरवत नाही. इंग्रजीत तसली खूण कमी. तिथं शेजारी कोण उभं आहे यावरूनच कळतं की हा कुणाचा. म्हणून जागा सांभाळा आणि शेजार सांभाळा."

ही रंगीत तालीम होती. खरा पाठ दुसऱ्या दिवशी होता, आणि त्या पाठावर माझा सगळा संसार टांगलेला होता.

मी लिंबराज सगर, मूळचा उदगीरकडचा. खाडीकाठच्या त्या खारकोंड गावच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो त्याला तिसरं वर्ष सरत आलं होतं. शिक्षणसेवक म्हणजे मास्तर खरा, पण कच्चा. तीन वर्षं मानधनावर राबायचं, शेवटी संस्थेचा माणूस येऊन पाठ बघणार, पसंत पडला तर कायम, नाही तर हातात नारळ. याआधी एका विनाअनुदानित शाळेत 'होणारच कायम' म्हणून मी बायको आणि तान्हं लेकरू घेऊन गेलो होतो. वर्षात तुकडी बंद पडली. भर वैशाखात, तापाने फणफणलेलं लेकरू पोटाशी धरून गिरिजा एसटीने माहेरी परतली. तेव्हापासून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकच धोशा लावला होता. "जावईबापू, कायमचा कागद आधी, लेकरू मागून." त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त झोंबायचं. माझी पोर चालायला लागली ते मला फोनवर कळलं. फोनवर काय कळतं? धपकन् पडल्याचा आवाज आला आणि गिरिजा म्हणाली, "बघा, चालली."

तर दुसरा दिवस उजाडला आणि शाळेत पाऊल ठेवतो तो बातमी, सुजितला गालगुंड झालंय.

"दुसरं कुणी घ्या," मुख्याध्यापक मोकल सर म्हणाले. ते गावचेच. जाडजूड, सावकाश बोलणारे, कुणाला दुखवायचं नाही हे व्रत घेतलेले. "एका पोरानं काय अडतंय?"

संस्थेच्या राजाध्यक्ष मॅडम वेळेआधी आल्या. वय झालेलं, सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बांधावरून चालत आल्या होत्या, बुटांना चिखल. वर्गात मागे खुर्ची टाकून बसल्या, शेजारी मोकल सर. मी नमस्कार केला तर त्या नुसत्या म्हणाल्या, "चालू द्या."

मी चालू केलं. पट्ट्या वाटल्या. प्रणिता, मनाली, जितेश ओळीत उभे राहिले. 'ऑन द बोट' माझ्या हातात. मी वर्गावर नजर टाकली आणि शेवटच्या बाकावर थांबलो.

तिथे हेमांगी ठाकूर एकटीच बसायची. इंग्रजीत तिच्या तोडीचं वर्गात कुणी नव्हतं. त्या गुर्मीतच ती कुणाशी बोलत नाही, असा मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता. मी राहायचो खाडीपलीकडे, बाजाराच्या गावी. सकाळच्या होडीने यायचो, संध्याकाळच्या होडीने जायचो. गावात काय शिजतंय याचा मला गंध नव्हता.

"हेमांगी, तू ये."

मोकल सरांची खुर्ची करकरली. "सगर सर, दुसरं कुणी..."

"नाही सर, हीच. हुशार आहे."

हेमांगी उठली. पट्टी घेताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून तिचं नाव घेतलं असावं. मग ती गेली आणि जितेशपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"जवळ. वाक्यात फट नको."

ती सरकली. जितेश तेवढाच पलीकडे सरकला. मनालीला धक्का बसला, मनालीने प्रणिताला ढकललं. मला वाटलं, पोरगा लाजतोय.

"जितेश, पळतोस कुठे? हेमांगी, आणखी जवळ."

ती अर्धं पाऊल सरकली. अख्खं वाक्य अर्धं पाऊल दाराकडे सरकलं. खरं तर आता हशा पिकायला हवा होता. आठवीचा वर्ग कशालाही हसतो, मास्तर शिंकला तरी हसतो. कुणी हसलं नाही.

"असू दे," मी आवाज चढवून म्हणालो, कारण मागे पेन चालल्याचा आवाज येत होता. "आपण जागा बदलू. हेमांगी, तू 'द गर्ल'च्या शेजारी उभी राहा."

प्रणिता आणि मनाली बाजूला झाल्या. नुसत्या बाजूला नाही, बैलगाडी जाईल एवढी वाट दिली त्यांनी. हेमांगी मधे जाऊन उभी राहिली. दोन्हीकडे मोकळी जागा, आणि मधे होडीवरची ती पट्टी छातीशी धरून ही पोर. पोरीपोरींत कसली आली लाज? माझं डोकं फिरलं. काल एवढं घोटून घेतलं, आणि नेमकी आज मस्ती?

"प्रणिता, जवळ उभी राहा."

प्रणिताने पट्टी तोंडासमोर धरली.

"प्रणिता, मी तुझ्याशी बोलतोय."

पट्टीमागून बारीक आवाज आला. "सर, घरी दंड बसंल."

"कसला दंड?"

मागचा पेनचा आवाज थांबला. मी मोकल सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग घसा साफ करून, अगदी सहज सांगावं तसे म्हणाले, "सगर सर, पोरांना बसवा. पुढचं फळ्यावर घ्या. पाठ पुढे न्या."

खरं सांगतो, मी खडू उचलला होता. फळ्यावर घ्यायला मला काही अडचण नव्हती. चार शब्द लिहायचे, बाण काढायचे, पाठ पार पडायचा. मी फळ्याकडे वळलो आणि मागून हेमांगी बोलली. तिचा आवाज मी फक्त इंग्रजी वाचतानाच ऐकला होता.

"सर, मी बसते जागेवर. तुमचा पाठ बिघडंल. तुमची पोरगी यायची हाय ना?"

म्हणजे माझं सगळं या गावाला माहीत होतं. माझी पोर, माझी नोकरी, सगळं. मला मात्र गावाचं ओ का ठो माहीत नव्हतं. हेमांगीने पट्टी टेबलावर ठेवली, सरळ ठेवली, आणि ती वळली.

"थांब," मी म्हणालो.

ती थांबली. पण पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना. पुढे ती, मागे फळा, कोपऱ्यात गठ्ठा करून उभे राहिलेले माझे तीन शब्द, आणि मी खडू धरून उभा. शेवटी घंटा झाली आणि पाठ तिथेच, अर्धवट राहिला.

ऑफिसात मोकल सरांनी सांगून टाकलं. मॅडमनी विचारलं म्हणून सांगितलं, एरवी त्यांनी तोंड उघडलं नसतं. ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करायची असं गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, ठरवलं होतं. हेमांगीच्या वडिलांनी तरी अर्ज भरला. पडले. पण गावकीचा शब्द मोडला म्हणून घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही, लग्नामयताला जायचं नाही. शेजारी उभं राहिलेलं दिसलं तरी दंड.

"शाळेतसुद्धा?" मॅडमनी विचारलं.

"शाळेत कुणी सांगितलेलं नाही, मॅडम. पण पोरं घरातूनच येतात ना."

"आणि तुम्ही?"

मोकल सरांनी टेबलावरचा कागददाब उचलला, पुन्हा ठेवला. "मी तिला शिकवतो. फी घेतो. दाखला लागला तर देईन."

"मी ते नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या, पण पुढे ताणलं नाही. चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळल्या. "सगर, मी जन्मभर पाठ बघत आले. अर्ध्या वाक्यावर उठायची मला सवय नाही. तुमचा अहवाल मी आज लिहिणार नाही. पंधरा दिवसांनी येईन. हाच पाठ, हीच पोरं, हीच मुलगी. ते वाक्य मला पूर्ण झालेलं बघायचंय."

"मॅडम, हा गावाचा प्रश्न आहे," मी म्हणालो. मला राहवेना. "वड्याचं तेल वांग्यावर काढताय तुम्ही. गावाने पोरगी वाळीत टाकली, त्यात माझ्या नोकरीचा काय संबंध?"

"तुम्हीच वर्गात सांगितलंत ना, शेजार सांभाळा म्हणून?"

"ते इंग्रजीबद्दल होतं."

"मग मराठीत करून दाखवा," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

मला इतका राग आला होता की निरोप द्यायलाही मी उठलो नाही.

संध्याकाळी मोकल सर मला होडीपर्यंत सोडायला आले. कधी यायचे नाहीत. बांधावर मधेच थांबले.

"सगर, माझ्यावर रागावू नका. माझ्या पोरीचं, शर्मिलाचं, लग्न ठरलंय. उन्हाळ्यात आहे. आमच्याकडे गावाशिवाय मांडव उभा राहत नाही. बांबू गावाचा, पाणी गाव भरतं, लग्नाची गाणी, धवले, म्हणायला गावच्या बाया. मी आज त्या पोरीच्या बाजूने बोललो तर मांडवात मी आणि नवरदेव दोघंच."

"मग माझं काय?"

"हिराजीबुवांना भेटा. पंच तेच आहेत. जितेशचा आजा. तुमच्याबद्दल चांगलं बोलतात."

रात्री गिरिजाचा फोन आला. कसा झाला पाठ, तिने विचारलं. मी म्हणालो, राहिलाय थोडा. ती म्हणाली, "आण्णांना काय सांगू?" आण्णा म्हणजे तिचे वडील, माझे मामा. मी म्हणालो, "सांग, थोडा राहिलाय."

हिराजीबुवा ओटीवर बसून जाळ्याच्या गाठी मारत होते. मला पाहताच उठले, खुर्ची दिली, आतून चहा आला, वर खारी. इतकी आपुलकी, की माझा राग कुठे ठेवू मला कळेना. मी सगळं सांगितलं. पाठ, मॅडम, माझं लेकरू.

"एकच तास, बुवा," मी म्हणालो. "पोरांना फक्त शेजारी उभं राहू द्या. वर्गातलं वर्गात. दंड लावू नका."

"सर, असं वर्गात सोडलं तर उद्या नळावर सोडावं लागंल," ते शांतपणे म्हणाले. "गाव करील ते राव काय करील? ठाकूर आमचा वैरी नाय. माझ्या मांडीवर खेळलाय तो. येऊ दे, गावापुढं टोपी ठेवू दे, चुकलो म्हणू दे. त्याच दिवशी मिटलं."

"तो नाही म्हणत."

"मग आमी काय करणार?" त्यांनी गाठ आवळली. माझ्याकडे पाहून हसले, आणि हसण्यात कपट नव्हतं. "पन तुमी पाहुणं मानूस. तीन वर्सं आमच्या पोरांना शिकवलंत. तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाय आमाला. त्या दिवशी तुमाला तरास होनार नाय, एवढी सोय मी करतो. जा निवांत."

मला हायसं वाटलं. मी निवांत गेलो. नुसता निवांत नाही, होडीत बसून शीळ घातली. गिरिजाला फोन केला, "झाल्यात जमा आहे, सामान बांधायला घे." मामांनी मागून विचारलेलं ऐकू आलं, "कागद आला का?"

पंधरा दिवसांनी मी सकाळच्या पहिल्या होडीने गेलो. पट्ट्यांचे कोपरे दुमडले होते म्हणून नव्या केल्या होत्या. आठवीच्या वर्गात शिरलो आणि तिथेच थांबलो.

वर्ग रिकामा. बाक झाडून पुसून ओळीत, आणि शेवटच्या बाकावर एकटी हेमांगी.

"बाकीचे कुठे आहेत?"

"आज आठवीची पोरं यायची नायत, सर."

मोकल सर दारात आले. त्यांचा चेहरा उतरलेला. "हिराजीबुवांनी सोय केली म्हणे. पोरंच नसली तर कुणी कुणाच्या शेजारी उभं राहायचा प्रश्नच नाही. मॅडमना सांगा म्हणाले, गावात साथ आहे. मग त्या सातवीचा पाठ बघतील, दुसरा कुठला तरी."

आणि यात बुवांची भावना चांगली होती, हे ध्यानात घ्या. मला वाचवायचं म्हणून अख्ख्या गावाने पोरं घरी ठेवली होती. मी भांडायला जाऊ तरी कुणाशी?

मॅडम आल्या. तेच बूट. दारातून त्यांनी बाक पाहिले, हेमांगीला पाहिलं, मग आम्हाला.

"साथ आहे," मोकल सर म्हणाले.

"दिसतेय," मॅडम म्हणाल्या.

समोर सातवीचा वर्ग गच्च भरलेला, कविता म्हणत होता. तिथं जाऊन इंग्रजी काळांचा पाठ घेतला असता तर मॅडमनी कदाचित मानलंही असतं. हेमांगीला हे सगळं आमच्याआधी कळलेलं. ती दप्तर आवरायला लागली.

"दप्तर ठेव," मी म्हणालो. "पाठ आहे आपला."

"कुनाबरोबर, सर?"

मी पट्ट्या काढल्या, तिला 'ऑन द बोट' दिली आणि 'द मॅन' स्वतःच्या हातात धरून फळ्यासमोर उभा राहिलो. मला वाटत होतं, झालं, नोकरी गेली. अर्ध्या वाक्याचा पाठ कोण पसंत करणार? पण आता माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते नसलेलंच बरं होतं. दोन शब्द टेबलावर तसेच पडले होते.

मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. पर्स बाकावर ठेवून त्या पुढे आल्या, पट्ट्या चष्म्याजवळ धरून वाचल्या आणि एक उचलली. 'द गर्ल'.

"हसू नका," त्या मला म्हणाल्या, "एके काळी होते."

त्या माझ्यापासून एका माणसाची जागा सोडून उभ्या राहिल्या. त्या जागेचा शब्द टेबलावर होता. मोकल सर दारातच होते, एक पाय आत, एक बाहेर. वर्गाच्या खिडक्या रस्त्याकडे होत्या, उघड्या. रस्त्यावरून दोघं-तिघं चालले होते, त्यातल्या एकाने आत पाहिलं आणि चाल मंद केली. मी मोकल सरांना एक शब्दही म्हणालो नाही. काय म्हणणार? पोर माझीही होती आणि पोर त्यांचीही होती.

"मोकल, क्रियापद नाही आमच्याकडे," मॅडम म्हणाल्या.

सरांनी रुमालाने तोंड पुसलं. मानही पुसली. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आणि मला वाटलं ते खिडकी लावायला चाललेत. ते टेबलापाशी गेले. 'कॉल्ड' उचलली आणि मॅडमच्या आणि माझ्या मधे येऊन उभे राहिले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला, घामाने भिजला होता.

"ये," ते हेमांगीला म्हणाले.

ती आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"वाच," मी म्हणालो.

तिने वाचलं. आवाज कापत होता, पण उच्चार चोख.

"होडीवर कोण?"

"नक्की कळत नाय, सर. तुमी असाल, नायतर दोघं."

"मग स्पष्ट कर. मुलगी होडीवर आहे, असं वाक्य कर."

ती माझ्याजवळून निघाली, मोकल सरांना वळसा घातला आणि त्यांच्या व मॅडमच्या मधे जाऊ लागली. सरांनी जागा दिली. ती मधे उभी राहिली, आणि मी पाहिलं, तिने दोन्हीकडे हातभर जागा सोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं. आपण कुठे उभं राहायचं हे त्या पोरीच्या अंगवळणी पडून गेलं होतं.

मोकल सरांनी खाली त्या जागेकडे पाहिलं. मग जड पावलाने ते बाजूला सरकले, तिच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत.

"वाक्यात फट नको, ठाकूर," ते म्हणाले.

दुसऱ्या बाजूने मॅडम सरकल्या. मीही सरांना चिकटलो. हेमांगीने पट्टी वर धरली, पार तोंडापर्यंत, आणि त्या पट्टीमागूनच वाक्य वाचलं. समोरचे बाक रिकामे होते. खिडकीबाहेर थांबलेल्या माणसाने ते सगळं ऐकलं आणि तो हिराजीबुवांच्या घराच्या दिशेने चालू लागला.

"पाठ पूर्ण झाला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी अहवाल तिथेच, हेमांगीच्या बाकावर बसून लिहिला.

कागद महिन्याने आला. मामा स्वतः लेकरू आणि गिरिजाला घेऊन आले, धोतर खोचून होडीतून उतरले आणि खाडीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, इथं आधीच एवढं पाणी आहे, तर तुम्ही फोनवर रडून त्यात भर का घालत होता?" पोर मला ओळखेना. मोकल सरांच्या शर्मिलाचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून तसंच सगळ्यांना तिकडे घेऊन गेलो.

मोकल सरांचं घरही आता वाळीत पडलं होतं, ठाकुरांखेरीज गावातलं एक माणूस आलं नव्हतं. बांबू बाजारातून आणले होते. खड्डे खणत होते हेमांगीचे वडील, एकटे. मामांनी विचारपूस केली नाही, सदरा काढला आणि दुसरी पहार उचलली. हळदीला धवले म्हणायला बाई नव्हती, तेव्हा गिरिजा पुढे झाली आणि तिने आमच्याकडची गाणी म्हटली. हेमांगीच्या आईला ती येत नव्हती, तरी ती मागून सूर धरत होती. माझी पोर माझ्याकडे येत नव्हती, ती हेमांगीच्या मांडीवर जाऊन बसली.

मांडव मोठा घातला होता, सवयीने. नवऱ्याकडची माणसं येण्याची वेळ झाली. मोकल सर मांडवाच्या तोंडाशी उभे राहून आतल्या सतरंज्यांकडे बघत होते, पांढरं धोतर, डोक्याला फेटा. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"माणसं कमी आहेत, सगर," ते म्हणाले. "जरा जवळजवळ बसवा."